लिंबाचा दिवा

आमच्या रेवदंड्यांत 'बॅटरी' या शब्दाचा अर्थ विजेरी असा आहे. रात्रीं वाडींत पाणी वळवावयास जातांना हातांत धरावयाची, पायवाटेवर जनावर नाहींना हें पाहण्यासाठीं पुढें रोखावयाची, आणि नाहींच लागली तर तळहातावर दोनदां आपटावयाची, ती बॅटरी. तिच्या पोटांत असतात ते नुसते सेल. १९७४ सालीं दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्यावर शास्त्राचे मास्तर वर्गांत येऊन म्हणाले, "यंदाच्या प्रदर्शनासाठीं तुमच्या गटानें घरांतल्या वस्तूंपासून बॅटरी तयार करावयाची आहे." मास्तरांच्या मनांत होता तो विद्युत्घट, आम्हां चौघांच्या डोळ्यांपुढें उभी राहिली ती विजेरी. आणि विजेरी म्हटली कीं तिला दिवा लागलाच पाहिजे. पुढें जें घडलें त्याचा सारा दोष मी कित्येक वर्षें या एका शब्दाच्या माथीं मारीत आलों. अपराधाला भाषेंतच कारण सांपडावें, याहून सोयीचें दुसरें काय असणार?

गटांत आम्ही चौघे होतों. एक वाण्याचा मुलगा. त्याच्या दुकानांतून तार येणार होती म्हणून तो. दुसऱ्याचें अक्षर वळणदार. माहितीचा फलक त्यानें लिहावयाचा. मी, कारण लिंबाचें झाड आमच्या परसांत होतें. चौथा कोळीवाड्यांतला. त्याचे वडील स्वतःच्या बोटीवर नाखवे होते, म्हणून आम्हीं त्याचेंच नांव नाखवा ठेविलें होतें. पुढें तो खराखुरा नाखवा झाला, तेव्हां तें नांव बदलण्याचें कारण उरलें नाहीं. गटाला खरी गरज त्याची होती. पण हें त्या वेळीं आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें.

लिंबांत दोन भिन्न धातु खोचावयाचे, एक तांबें व दुसरा जस्त, एवढें मास्तरांनीं सांगितलें होतें. तांब्यासाठीं मीं आजीकडे ताम्हन मागितलें. ती म्हणाली, "घट बसवायचे होते तर नवरात्रांत बसवायचे. आतां कसले घट?" विद्युत्घट आणि देवघरांतला घट यांतील भेद मी तिला सांगूं लागलों, पण ताम्हन कांहीं मिळालें नाहीं. मिळाले ते तिच्या डब्यांत पडलेले आठ जुने ढब्बू पैसे. चिंचेनें घासल्यावर ते असे लकाकूं लागले कीं ते दिल्याचा तिला पश्चात्ताप झाला असावा.

जस्ताचें मात्र अडलें. निकामी सेलचें बाहेरचें पात्र जस्ताचें असतें असें वाण्याच्या मुलानें ऐकलें होतें. त्यानें दोन जुने सेल फोडलेही; पण आंतल्या मसाल्यानें तें पात्र इतकें खाऊन टाकलें होतें कीं हातांत नुसते कपचे आले. दुसऱ्या दिवशीं नाखव्यानें आपल्या दप्तरांतून एक करडी, जागोजाग खड्डे पडलेली वडी काढून बाकावर ठेविली. वडी लहान दिसे, पण उचलतांना मनगट खालीं जाई.

बोटीच्या बुडाशीं, सुकाणूच्या लोखंडाजवळ, अशी जस्ताची वडी बसवितात. पंखा एका धातूचा, सुकाणू दुसऱ्या धातूचें, आणि भोंवतीं खारें पाणी. म्हणजे बोट समुद्रांत उतरली कीं तिच्या बुडाशीं न सांगतां एक विद्युत्घट सुरू होतो आणि त्यांत लोखंड झिजूं लागतें. जवळ जस्त असलें म्हणजे तें स्वतः झिजतें व लोखंडाला वांचवितें. सर हंफ्रे डेव्ही यानें १८२४ सालीं ही युक्ति इंग्रजी आरमाराला सुचविली होती. त्या वेळच्या जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारलेला असे. तांबें वांचलें खरें, परंतु न झिजणाऱ्या त्या पत्र्यावर शेवाळानें आणि शिंपल्यांनीं असें ठाण मांडलें कीं जहाजांची चालच मंदावली! नाखव्याच्या वडिलांना डेव्हीचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पावसाळ्यांत बोट वर ओढली कीं खाल्लेली वडी काढावयाची व नवी बसवावयाची, एवढें ते जाणत. "ही खायलाच लावलेली असते," नाखवा म्हणाला. समुद्रानें अर्धी खाल्लेली ती वडी आम्हीं लोहाराकडे नेली व तिच्या आठ चिपा काढून आणल्या.

एका खोक्यावर आठ लिंबें ओळीनें मांडलीं. प्रत्येकांत एक पैसा आणि एक चीप. एका लिंबाचें जस्त पुढच्याच्या तांब्याला जोडावयाचें, असें करीत शेवटीं दोन तारा मोकळ्या राहिल्या. नाखव्याच्या घरीं कांच तडकलेलें एक लहान होकायंत्र पडून होतें. त्याभोंवतीं मास्तरांनीं पंधरावीस वेढे तार गुंडाळून दिली आणि मोकळीं टोकें तिला जोडलीं. सुई किंचित् थरथरली आणि उत्तर दिशा सोडून बाजूला सरकली. मास्तरांना केवढा आनंद झाला! १८२० सालीं डेन्मार्कांत ऑर्स्टेड यानें तारेजवळची सुई अशीच वळलेली पाहिली होती, हें त्यांनीं आम्हांला उभ्याउभ्या सांगितलें. "सुई हलली म्हणजे वीज आहे. आतां दुसरा पुरावा नको." आम्ही चौघेही एकमेकांकडे पाहूं लागलों. सुई हलली तें ठीक, पण दिवा?

दिवा लागेना. माझ्या वडिलांच्या विजेरींतला जादा दिवा मीं आणला होता. त्याची तार साधी लालसुद्धां होईना. मग पंधरा दिवस आम्हीं स्वयंपाकघर उपसलें. लिंबें पिळून पाहिलीं, त्यांत मीठ घातलें, चिंचेचा कोळ केला, आमसुलांचें पाणी केलें. शेवटीं नाखवा म्हणाला, "दर्या दारांत असतांना लिंबं कशाला?" खाडीच्या मुखाशीं, समोर कोरलईचा डोंगर दिसतो तेथें, आम्हीं वाळूंत आठ करवंट्या पुरल्या, त्यांत समुद्राचें पाणी भरलें आणि पैसे व चिपा त्यांत सोडल्या. सुई लिंबापेक्षां पुष्कळ अधिक वळली. दिवा तसाच काळा. सूर्य मावळल्यावर कदाचित् दिसेल म्हणून आम्ही अंधार पडेपर्यंत बसलों. अंधारांत तो दिवा कोठें आहे हेंही दिसेना.

आतां त्याचें कारण मी चार ओळींत सांगूं शकतों. एका लिंबाच्या घटाचा दाब सुमारें ०.९ व्होल्ट, आठांचा झाला सातांच्या वर. विजेरीच्या दिव्याला अडीच व्होल्ट पुरतात. बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीनें तो दिवा लागावयास हवाच होता. म्हणून तर आम्हांला ती फसवणूक वाटे. पण दिव्याला दाबाबरोबर प्रवाहही लागतो, सुमारें ०.३ अँपिअर, आणि लिंबांतून निघतो तो जेमतेम अँपिअरचा हजारावा भाग. माडाच्या शेंड्यावरून थेंब थेंब पाणी गळालें तर त्याला उंची पुष्कळ असते, पण त्यानें पाट भरत नाहीं. तशांत तांब्याच्या पैशावर बारीक बुडबुडे धरतात ते हायड्रोजनचे. ते तांब्याला झांकून टाकतात आणि असलेला प्रवाहही थोड्या वेळांत मंदावतो. आमची सुई प्रथम जोरानें वळून मग हळूहळू माघारी येई ती यामुळेंच. आम्हांला मात्र वाटे कीं लिंबू दमलें!

लिंबाकडे हें जें कर्तृत्व आम्हीं दिलें होतें, तीच चूक आमच्याहून फार मोठ्या माणसानें केली होती. इटलींतील गॅल्व्हानीला मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शानें झटका देतांना दिसला आणि १७९१ सालीं त्यानें प्रसिद्ध केलें कीं वीज प्राण्याच्या अंगांत असते. व्होल्टाला तें पटेना. वीज धातूंच्या जोडींत आहे, बेडूक हा नुसता ओला दुवा, असें त्याचें म्हणणें; आणि १८०० सालीं त्यानें धातूंच्या चकत्या व मिठाच्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे यांची चळत रचून बेडकावांचून वीज काढून दाखविली. आमचें लिंबू म्हणजे गॅल्व्हानीचा बेडूकच. फलकावर वळणदार अक्षरांत 'लिंबापासून वीज' असें लिहिलें होतें. खरें पाहतां जळत होतें तें जस्त. तें लिंबाच्या रसांत विरघळतें, आणि विरघळतांना जें देतें तेंच तारेंतून वाहतें. तांबें जसेंच्या तसें राहतें, लिंबाला नांव मिळतें, आणि जस्त संपतें.

उपाय आमच्या घरांतच होता, ही गोष्ट मला आजही चुटपुट लावते. तांब्यावरच्या बुडबुड्यांचा बंदोबस्त इंग्लंडांत डॅनिअलनें १८३६ सालीं केला. त्यानें तांबें मोरचुदाच्या पाण्यांत ठेविलें आणि मध्यें सच्छिद्र पडदा घालून जस्त निराळें ठेविलें. मोरचूद! पोफळींवर कोळ्याचा रोग पडूं नये म्हणून चुन्याबरोबर फवारावयास आणलेली मोरचुदाची पिशवी आमच्या पडवींत खुंटीला टांगलेली होती आणि कोरीं मडकीं कुंभाराच्या आळींत हवीं तितकीं होतीं. दोन-तीन मोठ्या घटांनीं दिवा निदान लालसर तरी झाला असता. पण तो धडा पुस्तकांत पुढें होता, आणि प्रदर्शन अलीकडे येऊन ठेपलें होतें.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं खोकें माझ्या घरीं होतें. वडील निजल्यावर मीं त्यांच्या विजेरींतले दोन सेल काढले, खोक्याच्या आंतल्या अंगास सुतळीनें बांधले, लिंबांच्या तारा आंतल्या आंत तोडल्या आणि सेलच्या तारा त्याच दोन खिळ्यांना आणून जोडल्या. दिवा लागला. पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली तो पिवळा उजेड आठ लिंबांवर पडला आणि मला आनंद झाला, हें मला कबूल केलें पाहिजे. लाज वाटावयास अवकाश होता. बाकीच्या तिघांना मीं सकाळीं सांगितलें कीं रात्रीं मीं सारे सांधे घासून पुन्हां जोडले, तेव्हां लागला. तिघांनीं तें खरें मानलें. वाण्याच्या मुलानें मला उचललें. नाखव्यानें एका चिपेवरून हळूच बोट फिरविलें.

अलिबागेस एस. टी. नें जावयाचें होतें. खोकें नाखव्यानें मांडीवर घेतलें. खड्डे चुकवून सामान धरण्याची त्याला सवय होती. चौल मागें पडून नागांव आलें तेव्हां मास्तर म्हणाले कीं लोकमान्य टिळकांचे गुरु केरूनाना छत्रे येथले. ते कोवळ्या वयांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत कामास लागले, आणि पुढें त्यांनीं पदार्थविज्ञान मराठींत आणलें. मग मास्तरांना त्या वेधशाळेचीच गोष्ट आठवली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें वेधशाळेंतील चुंबकसुया बिघडतील म्हणून १९०४ सालीं ते वेध अलिबागेस हलविले. "एक सुई सांभाळण्यासाठीं समुद्र ओलांडून घर बांधलें. सुई खोटें बोलत नाहीं, म्हणून तिला इतका मान!" मास्तर हें सर्वांना उद्देशून बोलत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतों.

प्रदर्शनांत आमच्या टेबलाभोंवतीं गर्दी झाली. परीक्षक आले, दिवा पाहिला, लिंबें किती तें विचारलें आणि कांहींतरी लिहून पुढें गेले. नंतर मास्तर आले. होकायंत्र आम्हीं दिव्याच्या वाटेंतच जोडून ठेविलें होतें. मास्तरांनीं दिव्याकडे पाहिलें, मग सुईकडे. लिंबांच्या प्रवाहानें थोडीशी सरकणारी ती सुई आतां पुरती आडवी होऊन पूर्व-पश्चिम पडली होती. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं. "सुई फार वळली आहे," एवढेंच ते म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. आम्हांला तिसरें बक्षीस मिळालें. त्यांनीं तें आम्हांला घेऊं दिलें. मला त्यांनीं त्या दिवशीं कान धरून बाहेर काढलें असतें तर मी सुटलों असतों, असें मला पुढें अनेकदां वाटलें. पण मास्तरांना दोष देणें हा पुन्हां त्या 'बॅटरी' शब्दासारखाच प्रकार झाला.

वडिलांना रात्रीं विजेरी लागणार होती. म्हणून संध्याकाळीं सारे वडे खावयास गेले असतां मीं टेबलामागें बसून सेल सोडविले व खिशांत घातले. परत येतांना एस. टी. त नाखवा म्हणाला, "आजची रात्र खोकं मी घरीं नेऊं? बा उद्यां पहाटे बोटीवर जाणार. जस्त त्याचंच आहे, त्याला दाखवितों." नाहीं म्हणावयास मला कारण सुचेना. मीं मान हलविली.

तो कोळीवाड्याच्या वाटेला लागला तेव्हां अंधार पडला होता. खोकें त्यानें खांद्यावर घेतलें होतें. मी कोटाच्या पडक्या भिंतीशीं उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलों. हांक मारावयास तेवढा वेळ पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशीं त्यानें खोकें वर्गांत आणून माझ्यापुढें ठेविलें आणि म्हणाला, "लिंबं सुकलीं असतील." त्याहून अधिक कांहीं नाहीं. मीं "असतील" म्हटलें. त्याच्या घरीं त्या रात्रीं काय झालें, किती माणसें जमलीं होतीं, कोण हंसलें, हें मीं विचारलें नाहीं. त्या वर्षानंतर तो शाळेंत आला नाहीं. दिव्यामुळें आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. बोटीवर माणूस हवा होता आणि कोळीवाड्यांतलीं पुष्कळ मुलें त्या वयांत जात. तरीही प्रतिवर्षीं नारळी पौर्णिमेला बोटींवर निशाणें चढलीं कीं मला आठ लिंबें आठवत.

माझें पुढचें आयुष्य मुंबईंत गेलें. तेथें मीं मुलांना हेंच शास्त्र शिकविलें आणि लिंबाचा घट दरवर्षीं करून दाखविला; दिवा न लावतां, नुसत्या सुईवर. गेल्या वर्षीं वाडीच्या कामासाठीं रेवदंड्यास कांहीं दिवस राहिलों. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें पाडलेल्या पोफळींच्या जागीं लावलेलीं रोपें आतां कमरेच्या वर आलीं आहेत. बाजारांत नाखवा भेटला. पंजा अजून पूर्वीसारखाच रुंद. "घरीं चल," म्हणाला, "नातीनें काय केलंय तें बघ."

त्याच्या ओटीवर पांच मुलें घोळक्यानें बसलीं होतीं. मध्यें पुठ्ठ्याचें खोकें, त्यावर चार लिंबें, तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेले चार खिळे. वादळानंतर कित्येक रात्रीं या ओटीवर वीज नव्हती. नात तेव्हां लहान होती. पण काळोख तिला आठवतो, आणि म्हणून शाळेनें गटाला विषय निवडावयास सांगितल्यावर तिनें हा निवडला. तिनें दोन टोकें जोडलीं. एक तांबडा ठिपका लागला. मीं हात लावून पाहिला, खालून पाहिलें. कांहीं लपविलेलें नव्हतें. हे एलईडीचे दिवे अँपिअरच्या हजाराव्या भागावरही उजळतात, त्यांना दोनएक व्होल्ट मिळाले म्हणजे झालें. आमचा सारा अडथळा या मटाराएवढ्या वस्तूनें दूर केला आहे. मुलांचें काम दहा मिनिटांत होतें. दिवा कां लागत नाहीं हें पंधरा दिवस विचारीत बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाहीं. तें नुकसान आहे असें मी शिक्षक म्हणून म्हणेन. त्या ओटीवर मात्र मला तसें म्हणवेना.

मुलें चहा प्यावयास आंत गेलीं. मी म्हणालों, "नाखवा, त्या दिवशीं लिंबं सुकलीं नव्हतीं. खोक्यांत सेल होते. मीं काढून घेतले."

तो कांहीं वेळ त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे. जातांना खोकं मांडीवर जड होतं, येतांना हलकं. आम्हांला पाटी उचलतांच मासळीचा अंदाज येतो."

"मग घरीं कशाला नेलंस?"

"म्हटलं, लावून तर बघूं. जस्त खरं होतं."

"आणि तुझे वडील?"

"बा म्हणाला, दिवा नाहीं लागला तर नाहीं लागला, चिपा परत आण. त्या कांहीं तूं परत दिल्या नाहींस."

तें खरें होतें. चिपा कोठें गेल्या हें मला आठवेना. इतक्यांत नात बाहेर आली. फलकावर काय लिहूं, 'लिंबाची बॅटरी' कीं 'लिंबापासून वीज', असें तिनें मला विचारलें. मी उत्तर देण्यापूर्वींच नाखवा म्हणाला, "लिंबू कुठलं? जस्त जळतंय. बोटीखालीं असतं तेंच. तसं लिही." मग त्यानें तें खोकें दोन्ही हातांनीं अलगद उचललें, क्षणभर तोललें, माझ्याकडे पाहून हंसला आणि पुन्हां जागेवर ठेविलें.